फॉस्फोटायरोसीन ब्लॉट: पुसली जाणारी खूण पकडायची कशी

ठाणे-नवी मुंबईतल्या कॉलेजांमध्ये जानेवारी उजाडला की एम.एस्सी.च्या प्रोजेक्टची धावपळ सुरू होते. त्यातल्या बऱ्याच जणांच्या वाट्याला सिग्नलिंगचा, म्हणजे पेशीतल्या संदेशांचा, विषय येतो आणि मार्च संपत आला तरी फॉस्फोटायरोसीनचा (फॉस्फेट बसलेल्या टायरोसीन या अमिनो आम्लाचा) एक धड ब्लॉट, म्हणजे जेलवर वेगळी केलेली प्रथिनं मेम्ब्रेनवर उतरवून अँटीबॉडीने दाखवलेलं चित्र, हाती लागलेला नसतो. मेम्ब्रेन कोरी निघते, नाहीतर सगळ्या लेनमध्ये (नमुन्यांच्या रांगांमध्ये) सारखाच काळा पट्टा येतो. मग अँटीबॉडी बदला, एक्स्पोजर वाढवा, ट्रान्सफरची वेळ बदला, असे प्रयोग सुरू होतात. माझ्या अनुभवात घोडं तिथे पेंड खातच नाही. प्लेटवरचं माध्यम काढल्यापासून लायसेट (पेशी फोडून मिळालेलं द्रावण) उकळेपर्यंतच्या काही मिनिटांतच या प्रयोगाचा निकाल लागलेला असतो. म्हणून या लेखात जेल-ट्रान्सफरपेक्षा त्या मिनिटांवरच जास्त लिहिते आहे.

आधी, पेशीत काय चाललेलं असतं

टायरोसीन कायनेज हे एन्झाइम एटीपीतला शेवटचा फॉस्फेट उचलून प्रथिनातल्या टायरोसीनच्या हायड्रॉक्सिल गटावर बसवतं. एवढ्याने प्रथिनाच्या त्या जागी ऋणभार येतो, काही वेळा त्याचा आकार बदलतो आणि मुख्य म्हणजे दुसऱ्या प्रथिनांना धरायला जागा तयार होते. ही जागा ओळखणारा एसएच२ नावाचा भाग टोनी पॉसन यांच्या गटाने १९८६ मध्ये दाखवून दिला. ईजीएफ या वाढीच्या घटकाच्या रिसेप्टरचंच (पेशीवरच्या ग्राही प्रथिनाचंच) बघा. बाहेरून ईजीएफ येऊन चिकटला की दोन रिसेप्टर जवळ येतात आणि एकमेकांच्या शेपटीवरच्या टायरोसीनवर फॉस्फेट बसवतात. १०६८ क्रमांकाच्या टायरोसीनवर ग्रब२ हे प्रथिन येऊन बसतं. ते सोबत सॉसला आणतं, सॉस रासला जागं करतं आणि पुढे राफ, मेक, अर्क या कायनेजांची साखळी थेट केंद्रकापर्यंत पोचते.

माणसाच्या जनुकसंचात टायरोसीन कायनेजची ९० जनुकं आहेत. त्यांपैकी ५८ रिसेप्टर प्रकारची आणि ३२ पेशीच्या आतली. हे फॉस्फेट काढून टाकणारी फॉस्फेटेज कुटुंबातली जनुकं शंभराच्या वर आहेत. म्हणजे लिहिणाऱ्यांइतकेच, किंबहुना थोडे जास्तच, पुसणारे हात पेशीत आहेत. ही गोष्ट डोक्यात पक्की बसवा, कारण तुमचा सगळा प्रोटोकॉल तिच्याभोवती फिरतो. शिवाय शांत पेशीत हे फॉस्फेट असतं किती? प्रथिनांवरच्या एकूण फॉस्फेटपैकी बहुतांश सेरीनवर, त्यानंतर थ्रिओनिनवर. टायरोसीनचा वाटा जुन्या मोजमापांत सुमारे ०.०५ टक्के भरला होता.

इतकी दुर्मीळ असल्यामुळेच ही खूण १९७९ पर्यंत कुणाच्या नजरेत आली नव्हती. सॉल्क इन्स्टिट्यूटमध्ये टोनी हंटर पीएच १.९ च्या बफरमध्ये फॉस्फोअमिनो आम्लं वेगळी करत होते. बफर ताजं असतं, तर फॉस्फोटायरोसीन फॉस्फोथ्रिओनिनच्या जागेवरच लपून राहिलं असतं. ते वापरून वापरून जुनं झालं होतं आणि त्याचा पीएच १.७ पर्यंत उतरला होता. त्यामुळे एक वेगळा ठिपका दिसला. हंटर यांनी तो झटकून टाकला नाही, ही त्यांची खरी कामगिरी. पुढच्याच वर्षी त्यांनी आणि बार्ट सेफ्टन यांनी दाखवलं, की कोंबड्यांत गाठी करणाऱ्या विषाणूचं सार्क प्रथिनही टायरोसीनवरच फॉस्फेट लावतं.

पेशीच्या विकासात या खुणेचं वजन किती, हे मला पीसी१२ पेशींइतकं दुसऱ्या कशात स्पष्ट दिसत नाही. या उंदराच्या अधिवृक्क ग्रंथीच्या गाठीतून आलेल्या पेशी. त्यांना ईजीएफ दिलं, तर अर्क थोडा वेळ जागा होतो आणि पेशी विभाजित होत राहतात. एनजीएफ (चेतापेशींचा वाढीचा घटक) दिलं, तर तोच अर्क तासन्‌तास जागा राहतो आणि पेशींना चेतापेशींसारख्या शाखा फुटतात. दोन्ही रिसेप्टर टायरोसीन कायनेज आहेत आणि आतली साखळीही बरीचशी तीच. फरक पडतो तो संदेश किती वेळ टिकला याचा. म्हणूनच एकाच वेळेचा एक ब्लॉट काढून निष्कर्ष काढू नका. वेळेची मालिका घ्याच.

उलट बाजूची उदाहरणंही आहेत. फळमाशीत सेव्हनलेस हे कायनेज नसेल, तर डोळ्याच्या प्रत्येक घटकातली सातवी प्रकाशग्राही पेशी तयारच होत नाही. मुलग्यांमध्ये बीटीके या कायनेजचं जनुक बिघडलं, तर बी पेशी अस्थिमज्जेतच अडकतात, रक्तात अँटीबॉडी जवळजवळ नसते आणि बाळाला काही महिन्यांतच वारंवार जंतुसंसर्ग होऊ लागतात. आणि कायनेज थांबेनासं झालं तर? सीएमएल या रक्ताच्या कर्करोगात बीसीआर-एबीएल हे जोडप्रथिन सतत चालू राहतं. ते रोखणारी इमॅटिनिब ही गोळी अमेरिकेत २००१ मध्ये मंजूर झाली. तिच्या नव्या स्फटिकरूपावरचा पेटंटचा दावा आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ रोजी फेटाळला आणि भारतीय कंपन्यांची स्वस्त इमॅटिनिब सुरू राहिली. टाटा मेमोरियलचं संशोधन केंद्र, ॲक्ट्रेक, आपल्या खारघरलाच आहे. कर्करोगावर काम करायची इच्छा असलेल्या इथल्या विद्यार्थ्याला हे तंत्र आज ना उद्या लागणारच.

पहिली तयारी: व्हॅनाडेट

फॉस्फेटेज रोखायला सोडियम ऑर्थोव्हॅनाडेट लागतं. ते फॉस्फेटसारखं दिसतं आणि एन्झाइमच्या खोबणीत जाऊन बसतं. बाटलीतली पावडर पाण्यात विरघळवली आणि वापरली, असं करू नका. त्या द्रावणात व्हॅनाडेटचे रेणू एकमेकांना जोडून दहा-दहांचे झुबके होतात आणि ते झुबके फारसे कामाचे नसतात.

२०० मिलिमोलर द्रावण करा आणि पीएच १० वर आणा. आम्लाचे थेंब पडताच द्रावण पिवळं, कधी चक्क नारिंगी होतं. तो रंग म्हणजेच ते झुबके. आता मायक्रोवेव्हमध्ये किंवा उकळत्या पाण्यात ठेवा. हळूहळू पिवळेपणा उतरत जातो आणि द्रावण पाण्यासारखं नितळ होतं. खोलीच्या तापमानाला येऊ द्या, पुन्हा पीएच बघा. तो सरकलेला असतो. पुन्हा १० वर आणा, पुन्हा पिवळं झालं तर पुन्हा उकळा. थंड झाल्यावरही रंगहीन आणि पीएचही १० वर स्थिर, असं झालं की थांबायचं. छोट्या नळ्यांत भरून उणे २० अंशांवर ठेवा. वितळवल्यावर पिवळट दिसली ती नळी वापरू नका. व्हॅनाडेट विषारी आहे, हातमोजे घालूनच काम करा.

दोन गोष्टी व्हॅनाडेटला निकामी करतात. ईडीटीए त्याला पकडून ठेवतं आणि डीटीटी त्याचं क्षपण करतं. लॅबमधल्या जुन्या वहीतून रिपा बफरची (पेशी फोडायच्या द्रावणाची) कृती उतरवून घेताना हे तपासा. मी रिपा असं करते: ५० मिलिमोलर ट्रिस पीएच ७.४, १५० मिलिमोलर मीठ, १ टक्का एनपी-४०, ०.५ टक्के सोडियम डिऑक्सिकोलेट, ०.१ टक्का एसडीएस. ईडीटीए वगळते. वापरायच्या आधी त्यात १ मिलिमोलर व्हॅनाडेट, ५० मिलिमोलर सोडियम फ्लोराइड, १ मिलिमोलर पीएमएसएफ आणि ईडीटीए नसलेलं प्रोटीएज इन्हिबिटर (ही दोन्ही प्रथिनं कापणारी एन्झाइम रोखतात). फ्लोराइड सेरीन-थ्रिओनिन फॉस्फेटेजसाठी आहे, टायरोसीनच्या बाबतीत त्याच्या भरवशावर राहू नका. पीएमएसएफ पाण्यात लवकर विघटित होतं, म्हणून ते अगदी शेवटी टाका.

पेशी उपाशी ठेवणं

शिकण्यासाठी ए४३१ पेशी घ्या. त्यांच्यावर ईजीएफ रिसेप्टर भरमसाट असतो, त्यामुळे प्रयोग नीट झाला असेल तर बँड दिसणारच. तुमच्या आवडत्या पेशींवर नंतर या. प्लेट ७०-८० टक्के भरली की सीरम असलेलं माध्यम काढा, एकदा धुवा आणि सीरमविना माध्यमात रात्रभर ठेवा, साधारण १६ तास. सीरममध्ये वाढीचे घटक असतात. ते असेपर्यंत रिसेप्टर आधीच जागा असतो आणि तुमची शून्य मिनिटांची लेन काळी येते.

इथे आपल्याकडची एक अडचण आहे. संध्याकाळी सहाला पेशी उपाशी ठेवल्या, की सकाळी दहाला प्रयोग सुरू व्हायला हवा. डोंबिवली-कल्याणहून ठाण्याला गाडी बदलून ट्रान्स-हार्बरने येणाऱ्यांनी जुलै-ऑगस्टमध्ये ही जोखीम ओळखून ठेवावी. रुळांवर पाणी आलं आणि दुपार उजाडली, तर २०-२२ तास उपाशी राहिलेल्या पेशींचे काही प्रकार तळापासून सुटायला लागतात, त्यांची ताणाची यंत्रणा जागी होते आणि मूळ पातळीच बदलते. पावसाळ्यात मुसळधारेचा इशारा असेल त्या दिवशी प्लेट सीरममध्येच राहू द्या. नाहीतर जवळ राहणाऱ्या सहकाऱ्याशी आधी बोलून ठेवा.

ईजीएफ देणं आणि घड्याळ

ईजीएफचा साठा १०० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर ठेवा. दर मिलिलिटर माध्यमाला १ मायक्रोलिटर टाकला की १०० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर होतं. माध्यम बदलू नका, आहे त्यातच टाका आणि प्लेट हलकेच फिरवा. नुसत्या माध्यम बदलण्याने, प्लेट आपटण्यानेही काही कायनेज चाळवतात. ज्या प्लेटला ईजीएफ द्यायचं नाही, तिलाही ईजीएफ ज्यात विरघळवलं तेच द्रावण तितकंच द्या आणि तितकीच हलवा.

वेळा ०, ५, १५, ३०, ६० मिनिटं. नवशिके सगळ्या प्लेट्सना एकदम ईजीएफ देतात आणि एकेक उचलत बसतात. पहिलं लायसेट ५५ मिनिटं बर्फावर पडून राहतं आणि शेवटचं अगदी ताजं असतं. उलटं करा. सगळ्या प्लेट्स जवळपास एकाच वेळी संपतील अशी आखणी करा, पण प्रत्येकीला तीन मिनिटांची उसंत ठेवा. ६० मिनिटांच्या प्लेटला १०:०० ला ईजीएफ, ती उचलायची ११:०० ला. ३० ची १०:३३ ला सुरू, ११:०३ ला बंद. १५ ची १०:५१ ते ११:०६. ५ ची ११:०४ ते ११:०९. शून्याची ११:१२ ला उचला. ११:०३ आणि ११:०४ जवळजवळ आहेत, म्हणून शक्य असेल तर दोघांनी मिळून करा, एकाने इनक्युबेटर सांभाळायचा आणि दुसऱ्याने बर्फ. वेळापत्रक कागदावर लिहून हूडच्या काचेवर चिकटवा.

आणखी दोन प्लेट्स ठेवाच. एकीला आधी तासभर १ मायक्रोमोलर जेफिटिनिब (ईजीएफ रिसेप्टरचं कायनेज रोखणारं औषध) आणि मग ५ मिनिटं ईजीएफ. रिसेप्टरचा बँड इथे मावळला पाहिजे. दुसरीला परव्हॅनाडेट, म्हणजे व्हॅनाडेट आणि हायड्रोजन पेरॉक्साइड यांचं ताजं मिश्रण, साधारण १०० मायक्रोमोलर, १०-१५ मिनिटं. ते फॉस्फेटेजमधल्या सिस्टीनचं ऑक्सिडेशन करून त्यांना कायमचं बंद पाडतं. पुसणारेच थांबले, की ईजीएफ न देताही लेन वरपासून खालपर्यंत काळी होते. मी तर नव्या माणसाला हीच लेन आधी दाखवते. पेशीत किती लिखाण सतत चालू असतं आणि किती सतत पुसलं जातं, ते त्या एका लेनमध्ये दिसतं. शिवाय उद्या बाकीच्या लेन कोऱ्या निघाल्या आणि ही काळी आली, तर अँटीबॉडी आणि ट्रान्सफर ठीक आहेत, हे तिथल्या तिथे कळतं.

ती मिनिटं

बर्फाचा ट्रे आधीच भरून ठेवा आणि त्यात थोडं पाणी घाला. नुसत्या बर्फाच्या खड्यांवर प्लेट टेकते ती तीन-चार ठिकाणीच. बर्फ-पाण्याच्या लगद्यात तिचा सगळा तळ गार होतो. मे महिन्यात एसी बंद पडलेल्या खोलीत बर्फ बघता बघता वितळतो, तेव्हा ट्रे थर्माकोलच्या पेटीत ठेवा.

प्लेट इनक्युबेटरमधून थेट लगद्यावर. माध्यम एका झटक्यात ओढून काढा. १ मिलिमोलर व्हॅनाडेट घातलेलं गार पीबीएस (फॉस्फेट आणि मिठाचं बफर) बाजूच्या भिंतीवरून सोडा, काढा, पुन्हा एकदा. दुसऱ्यांदा धुतल्यावर प्लेट तिरकी धरा. खालच्या कडेला द्रव गोळा होतो, तो टिपून घ्या. राहिलेले थेंब तुमचा लायसिस बफर पातळ करतात आणि व्हॅनाडेटही. मग लगेच बफर, १० सेंटिमीटरच्या प्लेटला ३०० ते ५०० मायक्रोलिटर. स्क्रेपर एका दिशेने ओढत न्या. पेशींचा पांढुरका, चिकट साय धरल्यासारखा थर कडेला जमतो, तो गार नळीत घ्या. माध्यम काढल्यापासून इथपर्यंत एक मिनिट लागायला हवं, दोन म्हणजे फार झाली.

ट्रिप्सिन अजिबात वापरू नका. ते रिसेप्टरचा बाहेरचा भाग कापू शकतं आणि पेशी तळापासून सुटल्या की चिकटण्याशी जोडलेले संदेशही बदलतात. फॅक या कायनेजच्या ३९७ व्या टायरोसीनवरचा फॉस्फेट पेशी सुटताच उतरू लागतो.

नळ्या बर्फावर १५-२० मिनिटं, मग ४ अंशांवर १४,००० आरपीएमने १५ मिनिटं. वरचं पारदर्शक लायसेट घ्या. प्रथिन मोजायला बीसीए पद्धत वापरा, साध्या ब्रॅडफर्ड पद्धतीला रिपातले डिटर्जंट चालत नाहीत. मोजणी होईपर्यंत लायसेट नुसतं ठेवू नका. त्यातला मोजणीपुरता भाग बाजूला काढून उरलेल्यात लगेच सँपल बफर घाला, ९५ अंशांवर ५ मिनिटं उकळा आणि प्रमाणाचा हिशोब नंतर करा. उकळलं, की सगळी एन्झाइम मेली. मग त्या बफरमधल्या डीटीटीने व्हॅनाडेट बिघडलं तरी काही अडत नाही.

इम्युनोप्रेसिपिटेशन (अँटीबॉडीने एकच प्रथिन ओढून काढणं) करायचं नसेल, तर याहून खात्रीची वाट आहे: १ टक्का एसडीएस आणि व्हॅनाडेट असलेला उकळता बफर थेट प्लेटवर ओतायचा. फॉस्फेटेजला हालचाल करायलाही वेळ मिळत नाही. डीएनएमुळे मिश्रण तारेसारखं लांबतं, ते २६ गेजच्या सुईतून काही वेळा ओढून सैल करा किंवा सोनिकेट करा. निळा रंग आणि डीटीटी बीसीए झाल्यावरच घाला.

जेल ते फिल्म

इथे फार अडखळण्यासारखं काही नाही. लेनमागे ३० मायक्रोग्रॅम, ८ टक्क्यांची जेल, कारण रिसेप्टर १७०-१८० किलोडाल्टनच्या आसपास धावतो. पीव्हीडीएफची मेम्ब्रेन मिथेनॉलमध्ये भिजवून घ्या, १०० व्होल्टवर ९० मिनिटं थंड ट्रान्सफर. पॉन्सो या रंगाने लेन सारख्या भरल्या आहेत का ते बघा.

ब्लॉकिंगला दूध पावडर नको. दुधातलं केसीन स्वतःच फॉस्फेट बाळगणारं प्रथिन आहे, पार्श्वभूमी वाढते. ३ ते ५ टक्के बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन) टीबीएसटीमध्ये, म्हणजे ट्वीन घातलेल्या ट्रिस-मिठाच्या बफरमध्ये, घ्या. पीबीएसऐवजी टीबीएस, कारण पीबीएस म्हणजे पुन्हा फॉस्फेटच. प्रोटोकॉलमध्ये 'खोलीचं तापमान' लिहिलेलं असतं ते २२-२५ अंश धरून. आपल्याकडे उन्हाळ्यात खोली ३२ ला टेकली असेल, तर ब्लॉकिंग ४ अंशांवरच करा. फॉस्फोटायरोसीन ओळखणारी प्राथमिक अँटीबॉडी ४जी१० किंवा पीवाय२०, रात्रभर ४ अंशांवर. धुणं तीनदा, दर खेपेला १० मिनिटं. दुय्यम अँटीबॉडी तासभर, मग ईसीएल (बँडला प्रकाश देणारं रसायन).

बँड वाचताना

ए४३१ मध्ये शून्याला फिकट, ५ मिनिटांना १७० च्या वर गडद बँड, पुढे हळूहळू उतार. हा उतार म्हणजे प्रयोग बिघडला असं नव्हे. रिसेप्टर आत ओढला जातो आहे आणि फॉस्फेटेज आपलं काम करताहेत. खाली ६६, ५२ आणि ४६ च्या आसपास शक या जुळवणाऱ्या प्रथिनाची तीन रूपं दिसू शकतात. पण नुसत्या वजनावरून नाव ठोकून देऊ नका. सर्वसाधारण फॉस्फोटायरोसीन अँटीबॉडी फक्त सांगते, 'इथे फॉस्फेट आहे.' तो कोणत्या प्रथिनावर आणि कितव्या टायरोसीनवर, ते तिला सांगता येत नाही.

सोबत एकूण रिसेप्टरचा ब्लॉट हवाच. तीच लायसेट दुसऱ्या जेलवर लावा. मेम्ब्रेन स्ट्रिप करून (आधीची अँटीबॉडी धुऊन काढून) पुन्हा वापरण्यापेक्षा मला हे जास्त खात्रीचं वाटतं, कारण स्ट्रिपिंगमध्ये प्रथिनही थोडं निघून जातं. फॉस्फो सिग्नलला एकूण सिग्नलने भागल्याशिवाय 'वाढ झाली' असं थीसिसमध्ये लिहू नका. अँटीबॉडीच्या खरेपणाची शंका असेल, तर तिच्यात मोकळं फॉस्फोटायरोसीन मिसळून एक पट्टी लावा. खरे बँड नाहीसे होतात, उरतात ते भलतीकडे चिकटलेले.

साइटचं (फॉस्फेट बसायच्या जागेचं) कोडंही सांभाळा. सार्कच्या ४१६ व्या टायरोसीनवरचा फॉस्फेट त्याला चालू करतो, ५२७ व्या टायरोसीनवरचा त्याला मिटवून ठेवतो. हे आकडे कोंबडीच्या सार्कचे आहेत, माणसात दुसरी साइट ५३० येते. सार्कचं एकूण टायरोसीन फॉस्फोरिलेशन वाढलं म्हणून सार्क जागं झालं, असं म्हणता येत नाही. साइटनिहाय अँटीबॉडी घ्यावी लागते.

नाव पक्कं करायला

संशय असलेलं प्रथिन त्याच्या अँटीबॉडीने ओढून घ्या, ५०० मायक्रोग्रॅम ते १ मिलिग्रॅम लायसेटमधून, आणि मग ४जी१० ने ब्लॉट करा. ओढणारी अँटीबॉडी सशाची आणि ब्लॉटची उंदराची, अशी जोडी ठेवा. दोन्ही उंदराच्या असतील, तर ५० किलोडाल्टनला हेवी चेन आणि २५ ला लाइट चेन ठसठशीत उमटते आणि शकचं ५२ चं रूप त्या हेवी चेनखाली गाडलं जातं. धुण्याच्या प्रत्येक बफरमध्ये व्हॅनाडेट घाला, कारण अँटीबॉडी धरून ठेवणारे मणी धूत असतानाही सोबत आलेली फॉस्फेटेज कामाला लागू शकते. मण्यांवर सँपल बफर घालून उकळलं, की त्या नळीवर प्रथिन, वेळ आणि तारीख लिहा आणि उणे ८० मध्ये ठेवा.